काही कमी पडायला नको

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा निरोप फोनवर आला. "या वेळी थँक्सगिव्हिंगला मी काही करणार नाही. तरी या. येताना ज्याला जे खावंसं वाटेल ते घेऊन या." एवढाच मजकूर होता. भाजी चिरता चिरता मी तो वाचला, सुरी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा वाचला. संध्याकाळी घरी आल्यावर यजमानांनाही वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं, त्यांनाही विश्रांती हवीच की." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला, माझ्या मनात मात्र तो निरोप पुढचे कित्येक दिवस कुसळासारखा रुतून राहिला. वहिनींची प्रकृती तर ठीक असेल ना, आमच्यापैकी कुणाचे काही बोलणे त्यांच्या मनाला लागले असेल का, अशा शंका येत राहिल्या. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक हुरहुरही होती, की वर्षानुवर्षे ज्या घरच्या स्वयंपाकाच्या ओढीने आम्ही एवढा प्रवास करतो, त्या घरात आता पूर्वीसारखे काही उरणार नाही.

वहिनी म्हणजे यजमानांच्या शाळासोबत्याची पत्नी. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथजवळच्या एका गावात त्यांचे घर आहे. न्यू जर्सीहून आम्ही, बॉस्टनकडून आणखी दोन कुटुंबे आणि निरनिराळ्या कॉलेजांतून परतलेली सगळ्यांची मुले थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरअखेरच्या कृतज्ञतेच्या सणाला, तिथे जमतो, आणि ही प्रथा इतकी जुनी झाली आहे की कुणी कुणाला वेगळे आमंत्रण देत नाही. वहिनींचे काम आदल्या रविवारपासून सुरू होत असे. पंधरा पौंडांची गोठलेली टर्की फ्रीजमध्ये आतपर्यंत सुटायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ती रविवारीच खालच्या कप्प्यात उतरवली जाई. त्यानंतर भोपळा, रताळी, क्रॅनबेरीची चटणी, ग्रेव्ही, मुलांसाठी मॅश्ड पोटॅटो, शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी आणि मसालेभात, त्यांच्या सासूबाईंसाठी कांदा-लसणाशिवायचे वेगळे पातेले, पंपकिन पाय, म्हणजे पिठाच्या पारीत भोपळ्याचे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि तो सगळ्यांनाच आवडतो असे नाही म्हणून गुलाबजाम. गेल्या वर्षी सगळ्यांची जेवणे होऊन पत्त्यांचा डाव रंगला असताना मी पाणी प्यायला आत गेले, तेव्हा वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून गार झालेला भात पातेल्यातूनच खात होत्या. मला पाहताच त्यांनी विचारले, "गुलाबजाम पुरले ना गं सगळ्यांना?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या त्या मोठ्या घरात, ज्येष्ठा गौरींच्या जेवणाला सकाळपासून चुली पेटलेल्या असत. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, पंचामृत, घावन-घाटले, आणि माजघरात एकामागून एक बसणाऱ्या पंगती. पहिली पंगत ब्राह्मण-सवाष्णींची, दुसरी पुरुषांची आणि मुलांची, आणि दुपार कलल्यावर घरातल्या बायकांची. आई त्या शेवटच्या पंगतीलाही पूर्ण बसत नसे. एक गुडघा उभा ठेवून, कुणाला काही हवे झाले तर चटकन उठता यावे अशा बेताने ती जेवत असे. वाटीत आमटीचे पाणी, पानात तुटलेली पोळी आणि तोंडात तोच प्रश्न. तिने कधी तक्रार केली नाही. उलट एखाद्या वर्षी सगळे नीट पार पडले की तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा दिसे, तो मी दुसऱ्या कोणत्याच प्रसंगी पाहिला नाही. त्यामुळे या कष्टांकडे केवळ अन्याय म्हणून पाहणे मला जमत नाही आणि केवळ माया म्हणूनही जमत नाही.

पाहुण्यांना काही कमी पडायला नको, या एका वाक्यावर आमच्या घरातले सगळे सण उभे होते.

अमेरिकेत आल्यावर ते वाक्य आमच्याबरोबरच आले, फक्त त्याला सण वेगळा मिळाला. इथे दिवाळी कामाच्या वारी येते. लक्ष्मीपूजन ऑफिसमधून परतल्यावर घाईने होते आणि फराळाची पंगत पुढच्या शनिवारी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात. गणपतीला रजा मागायची तर कारण सांगावे लागते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि त्याला जोडून येणारा शुक्रवार मात्र बहुतेकांना सुटीचे मिळतात; कॉलेजातली मुले घरी येतात आणि कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. या सणाला देव नाही, सोवळे नाही, मुहूर्त नाही, उपास नाही. खरे तर याहून सोपा सण शोधून सापडणार नाही. पण दिवाळीची, गौरींची, माहेरच्या श्रावणी शुक्रवारांची सगळी साठलेली हौस आम्ही बायकांनी या एका गुरुवारात ओतली, आणि पाहता पाहता तो आमच्यासाठी वर्षातला सर्वांत दमवणारा दिवस झाला.

ही धास्ती केवळ आपल्या बायकांची नाही, हे मला इथल्या शेजारणींकडे पाहून कळले. टर्की तयार करणाऱ्या एका कंपनीने १९८१ पासून दर सणाला फोनवरून सल्ला देणारे माणूस उपलब्ध ठेवले आहे, आणि लोक खरोखरच फोन करतात : पक्षी मधोमध अजून दगडासारखा आहे, काय करू, मांसाचे तापमान १६५ अंश फॅरनहाइटला पोचत नाही आणि पाहुणे दारात आहेत. दुसऱ्या बाजूने, ही धास्ती कमी करणारेही कुणी कुणी होऊन गेले. कितीतरी अमेरिकन घरांत या दिवशी होणारे ग्रीन बीन कॅसरोल डॉर्कस रायली यांनी १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात बसवले. फरसबी, मशरूम सुपाचा डबा, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. कपाटात आधीच असेल तेवढ्यात व्हावे, हा त्यामागचा विचार. खाद्यपदार्थांवर लिहिणारी मंडळी त्याला नाके मुरडतात. पण दिवसभर उभ्या असलेल्या बाईला अर्ध्या तासात हाताशी आलेला एक पदार्थ मिळणे ही लहान गोष्ट आहे, असे ज्याने ओव्हन आणि पाहुणे एकाच वेळी सांभाळले आहेत त्याला वाटणार नाही.

बुधवारी दुपारी आम्ही निघालो. त्या दिवशीचा आय-९५ महामार्ग ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याविषयी सांगण्याची गरज नाही. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर गाड्यांचे तांबडे दिवे दूरपर्यंत एकाला एक चिकटलेले होते, न्यू हेवनपाशी पाऊस लागला आणि प्रॉव्हिडन्स मागे पडेपर्यंत रात्र झाली. गाडीत मागे मी केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, थिजवलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि मुलीच्या हट्टाखातर घेतलेला मॅक अँड चीजचा ट्रे होता. एवढेच घेऊन सणाला निघालो आहोत, या विचाराने वाटेत दोनदा तरी माझ्या मनात आले की वाटेतल्या एखाद्या दुकानातून निदान मिठाई घ्यावी. यजमान म्हणाले, "वहिनींनी काय लिहिलं होतं? जे खावंसं वाटेल ते. तुला मिठाई खावीशी वाटते आहे का?" मला वाटत नव्हती.

गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा घरात कोणताच वास नव्हता. इतकी वर्षे त्या घरातली त्या दिवशीची जाग लोणी, सेज आणि भाजणाऱ्या कातडीच्या वासाने आली होती. त्या वासाशिवायची सकाळ मला एखाद्या अनोळखी घरातली वाटली. खाली दिवाणखान्यात मेसीज या मोठ्या दुकानाची न्यूयॉर्कमधली मिरवणूक दूरदर्शन संचावर चालू होती. १९२४ पासून निघणारी ही मिरवणूक आम्ही त्या घरात कधी सलग पाहिलेली नव्हती. स्वयंपाकघरातून येता-जाता एखादा फुगा दिसे तेवढाच. आज वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या, हातात चहा होता, आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्या उठून आत जाऊन काही न करता परत येत होत्या. त्यांच्या पायांना बसण्याची सवय नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. आम्ही दोघी त्या भल्यामोठ्या फुग्यांकडे बघत, मुलांच्या परीक्षा, त्यांच्या आईचे गुडघे, माझ्या भावाची बदली अशा विषयांवर सकाळभर बोलत राहिलो, आणि मध्येच लक्षात आले की इतक्या वर्षांच्या मैत्रीत आमच्या दोघींच्या गप्पा नेहमी कुणाच्या तरी हातात झारा असतानाच झाल्या होत्या.

काकूंची, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात एवढी माणसे आणि चूल थंड, हे त्यांच्या जिवाला लागले होते. कुणाला टाकून बोलल्या नाहीत. पण खुर्चीत त्या अशा अवघडून बसल्या होत्या, की जणू त्याच पाहुण्या होत्या. हात मांडीवर निकामी पडलेले. "काकू, तुम्हाला काही हवंय का?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, निवडायला काही नाही का घरात?" वहिनींनी फ्रीजमधून मेथीच्या दोन जुड्या काढून वर्तमानपत्रावर त्यांच्यासमोर ठेवल्या. पाहता पाहता त्यांची पाठ सैल झाली, चष्मा नाकावर आला, आणि देठापासून पाने वेगळी करता करता त्यांनी नातवाला त्याच्या मैत्रिणीविषयी असे काही प्रश्न विचारले की जे आईवडिलांना वर्षभर विचारता आले नव्हते. वहिनींना काम नको होते आणि काकूंना काम हवे होते. दोघींनाही त्या दिवशी जे मिळाले ते एकच होते, असे मला वाटते. कुणी तरी पाहत आहे, मोजत आहे, नावे ठेवणार आहे, ही धास्ती त्या मेथीत नव्हती.

वहिनींचा थोरला मुलगा मात्र सकाळीच घराबाहेर पडला होता. प्लिमथच्या बंदराजवळ कोल्स हिल नावाची टेकडी आहे, तिथे वाम्पानोआग या मूळ रहिवासी जमातीचे सरदार मॅसासोइट यांचा पुतळा आहे. १९७० साली वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजाच्या आगमनाच्या ३५० व्या वर्षानिमित्तच्या मेजवानीत बोलण्याचे निमंत्रण होते. त्यांनी लिहिलेले भाषण आयोजकांना मानवले नाही, बदललेले भाषण त्यांनी वाचायला नकार दिला, आणि त्या वर्षीपासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी बाराला मूळ रहिवासी त्या टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. गेलेले पूर्वज, बळकावलेली जमीन आणि आजही चाललेले अन्याय यांविषयी तिथे फक्त त्यांचेच लोक बोलतात. बाकीच्यांनी येऊन ऐकायचे. हा मुलगा गेली काही वर्षे ऐकायला जातो. पूर्वी त्याच्यावरून घरात दरवर्षी कुरबुर होई, कारण बाराच्या सुमारास टर्की ओव्हनमधून बाहेर येई आणि जेवण त्याच्यासाठी थांबवावे लागे. या वेळी जेवणाला वेळच ठरलेली नव्हती. तो केव्हा आला काय, ताट वाढून घेतले की झाले.

प्लिमथला इतकी वर्षे जाऊन-येऊन या सणाचे मूळ मानल्या जाणाऱ्या १६२१ च्या मेजवानीविषयी मी जे वाचले, त्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. वसाहतकऱ्यांपैकी एक असलेल्या एडवर्ड विन्स्लो यांच्या त्या काळच्या पत्रात लिहिले आहे, की गव्हर्नरांनी चार माणसांना पक्षी मारायला पाठवले, मॅसासोइट सुमारे नव्वद माणसांसह आले, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस मेजवानी चालली. मेफ्लॉवरवरून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते, आणि मोठ्या वयाच्या बायकांपैकी तेव्हा हयात होत्या त्या अवघ्या चार. त्यांच्या हाताखाली काही मुली आणि नोकर असतील. एवढ्या जणींनी सव्वाशेहून अधिक माणसांचे तीन दिवस कसे निभावले, याविषयी पत्रात एक ओळही नाही. शिकारीला गेलेल्यांची संख्या आहे, हरणांची संख्या आहे, रांधणाऱ्यांचा उल्लेख नाही. ज्यांची घरे नुकतीच माणसांनी रिकामी झाली होती, त्या चौघी त्या तीन दिवसांत बसल्या तरी होत्या का?

दोनच्या सुमारास कुणी तरी म्हणाले, "भूक लागली," आणि ट्रेवरचे कागद निघाले. बॉस्टनच्या एका कुटुंबाने दुकानातून भाजलेल्या टर्कीचा फक्त छातीचा भाग आणला होता. दुसऱ्यांनी पावभाजीची भाजी आणली होती पण पाव आणले नव्हते. वरणाची दोन पातेली झाली, एक गोडे आणि एक चिंचगुळाचे. मुलांनी मिळून कॅसरोल केले होते आणि त्यावर तळलेल्या कांद्याचा थर इतका जाड होता की खाली फरसबी शोधावी लागत होती. पावभाजी भाकरीशी लागली, टर्कीबरोबरच्या पावाच्या स्टफिंगवर कुणी तरी चिंचगुळाचे वरण ओतून घेतले आणि ते इतके चांगले लागते असे सांगितले की सगळ्यांनी चाखून पाहिले. कोशिंबीर नव्हती, भात थोडा कमी होता, गोड म्हणून एकच पाय होता आणि तोही सफरचंदाचा. काकूंनी निवडलेली मेथी वहिनींच्या यजमानांनी लसूण न घालता परतली. ती सर्वांत आधी संपली. आणि वहिनी टेबलाच्या मधोमध, भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या, जिथून उठायचे तर तिघांना उठवावे लागते. ती जागा त्यांना त्यांच्या मुलीने धरून दिली होती.

जेवणे अर्धी झाली असताना थोरला परतला. गारठ्याने नाक लाल झाले होते. ताट वाढून घेतल्यावर त्याने टेकडीवर काय ऐकले ते सांगितले, आणि टेबल शांत झाले. निवांत सणाच्या दिवशी असा विषय टाळणे सोपे असते, आणि एकाने तसा प्रयत्नही केला. पण वहिनींनीच त्याला पुढे बोलायला सांगितले. मला त्या क्षणी आनंद झाला की दुःख, हे नीट सांगता येणार नाही. ज्या जमिनीवर आमची मुले सुखाने वाढली तिची हकिगत ऐकताना घास गिळणे जड जाते. तरीही ती हकिगत भरल्या ताटापुढे, आपल्या माणसांत बसून ऐकता आली, कुणी उठून ग्रेव्ही गरम करायला गेले नाही, हे मला मोलाचे वाटले.

त्या दिवसांत सूर्य सव्वाचारलाच मावळतो, म्हणून भांडी तशीच ठेवून आम्ही कार्व्हर गावाच्या रस्त्याने क्रॅनबेरीच्या शेतांकडे फिरायला गेलो. हंगाम संपला होता. ऑक्टोबरात याच खाचरांत पाणी सोडतात. यंत्राने पाणी घुसळून फळे वेलीवरून सोडवतात, आत हवेच्या पोकळ्या असल्याने ती तरंगतात आणि सगळे खाचर तांबडे होते. आता पाणी उतरले होते आणि जमिनीलगतच्या वेली थंडीने गडद, वाइनच्या रंगाच्या झाल्या होत्या. पुढे बर्फ धरला की शेतकरी त्यावर वाळू पसरतात. बर्फ वितळल्यावर ती वेलींच्या मुळांशी बसते आणि नवे फुटवे येतात. इथल्या आणि न्यू जर्सीतल्या शेतकऱ्यांनी १९३० मध्ये एकत्र येऊन ओशन स्प्रे ही सहकारी संस्था काढली, हे वहिनींच्या यजमानांनी काकूंना सांगितले, तेव्हा उसाच्या पट्ट्यात आयुष्य गेलेल्या काकूंनी लगेच विचारले, "मग दर कोण ठरवतं? आणि पैसे वेळेवर देतात का?" बांधाच्या कडेला राहून गेलेली चार फळे त्यांनी वेचली, एक चावून पाहिले आणि म्हणाल्या, "कैरीसारखंच आंबट आहे की. लोणचं होईल याचं." आमच्याकडच्या अनेक घरांत क्रॅनबेरीचे लोणचे मोहरी-हिंगाची फोडणी देऊन होतेच, पण काकूंनी ते स्वतः शोधून काढले, याचे समाधान त्यांना पुरेपूर मिळू द्यावे, म्हणून कुणी काही बोलले नाही.

वहिनी आणि मी थोड्या मागे चालत होतो. मी विचारले, "कसं वाटलं आज?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मधेमधे ओकंबोकं वाटलं. मसालेभात नाही म्हणून कुणी काही बोललं नाही, त्याचं बरंही वाटलं आणि थोडं वाईटही." मी त्यांचा हात धरला. त्यांना धीर द्यावा असे काही मला सुचले नाही, आणि धीराची गरजही नव्हती. एखाद्याच्या हातच्या चवीवर जग प्रेम करते, तेव्हा ती चव मागे घेणे म्हणजे प्रेमच पणाला लावणे असते. माझी आई ते कधी करू शकली नाही. वहिनींनी ते केले, आणि माणसे आली, जेवली, तिथेच राहिली.

घरी परतलो तेव्हा मुलांनी भांडी घासून ओटा पुसला होता. शुक्रवारी, दुकानांतल्या मोठ्या सवलतींच्या दिवशी, कुणीही तिकडे फिरकले नाही. उरलेल्या मॅश्ड पोटॅटोत काकूंनी ज्वारीचे पीठ, तिखट आणि कोथिंबीर घालून थालीपिठे लावली, आणि ती तव्यावरून उतरतील तशी उभ्याउभ्याच सगळ्यांनी खाल्ली. त्या लावत होत्या आणि मध्येच स्वतःही खात होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री पुढच्या वर्षाचे ठरले. त्या टेकडीपासून अर्ध्या तासावर राहूनही वहिनी आजवर कधी तिथे गेलेल्या नाहीत; बाराच्या ठोक्याला त्या दरवर्षी ओव्हनसमोरच होत्या. पुढच्या वर्षी थोरल्याबरोबर त्या आणि मी जाणार आहोत, माझी मुलगीही येते म्हणाली आहे. समुद्रावरून येणारा वारा बोचरा असतो, तेव्हा मोजे जाड घ्या आणि गाडी लांब लावावी लागेल म्हणून अकरालाच निघू, असे त्याने सांगून ठेवले आहे. घरी राहणाऱ्यांना भूक लागली तर त्यांनी आमच्यासाठी थांबायचे नाही.